मिल्टनचा विनम्र राजा

मिल्टनच्या 'पॅरडाइझ रीगेन्ड' ह्या चार सर्गांच्या काव्याकडे आपल्याकडील वाचक सहसा वळत नाहीं. 'पॅरडाइझ लॉस्ट'च्या भव्यतेनें त्याचे डोळे दिपलेले असतात. १६७१ सालीं निघालेलें हें धाकटें काव्य त्यास रूक्ष वाटतें. त्या मताशीं आमचें भांडण नाहीं. आमची तक्रार काव्याच्या नायकाविषयीं आहे.

कथाभाग थोडका. अरण्यांत चाळीस दिवस उपोषित राहिलेल्या ख्रिस्तास सैतान मोह घालतो. बायबलांत राज्यांचा मोह दोन-तीन वाक्यांत आटोपतो; मिल्टननें त्यालाच काव्याचा गाभा केलें आहे. पार्थियनांचें धनुर्धारी घोडदळ, रोमचें साम्राज्य, अथेन्सची विद्या, सर्व कांहीं सैतान पुढें मांडतो आणि ख्रिस्त तें नाकारतो. नगरें जाळणाऱ्या विजेत्यांची त्यानें केलेली निर्भर्त्सना, किंवा स्वतःच्या विकारांवर सत्ता चालविणारा तोच खरा राजा हें त्याचें प्रतिपादन, ह्या स्थळीं कवीची वाणी खरोखर तेजस्वी झाली आहे.

परंतु नाकारणें म्हणजे नम्रता नव्हे. तिसऱ्या सर्गांत कीर्तीचा विषय निघतांच हा नायक सामान्य जनांस गोंधळलेला कळप म्हणून झिडकारतो. मत्तयाच्या शुभवर्तमानांतही कळपाचीच उपमा आहे. पण तेथें मेंढपाळावांचून भटकणाऱ्या मेंढरांसारखे लोक पाहून ख्रिस्तास कळवळा येतो. उपमा एकच आणि अंतःकरणें दोन! हा तिरस्कार ख्रिस्ताचा नव्हे, मिल्टनचा होय, असें आम्हांस वाटतें. १६४९ पासून ज्या प्रजासत्ताकाची त्यानें चाकरी केली, ज्या काळांत त्याची दृष्टीही गेली, तें १६६० सालीं कोसळलें आणि तेच लोक दुसऱ्या चार्लसच्या स्वागतास धांवले. तो सल येथें बोलत असावा.

ख्रिस्ती धर्मांतील राजपदाची खूण पाहावयाची तर जखऱ्या संदेष्ट्याकडे जावें. त्याचा राजा गाढवावर बसून येतो. यरुशलेमांतील लढाऊ घोडे नाहींसे होतात आणि तो राष्ट्रांशीं शांतीच्या गोष्टी बोलतो. आपल्याकडे गाढवावर बसविणें म्हणजे धिंड. म्हणून ह्या प्रसंगाचा अर्थ लावतांना मराठी वाचक हटकून चुकतो. तेथें त्यांत मानहानि नव्हती. शलमोनाचा राज्याभिषेक झाला तेव्हां तो दावीदाच्या खेचरावर बसूनच गेला होता. घोडा युद्धाचा. ज्यास प्रजेला भिववावयाचें नाहीं तो घोडा सोडतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि हा राजा नगरांत शिरला तो त्या कळपाच्याच गर्दींतून, त्यांनीं वाटेवर पसरलेल्या वस्त्रांवरून.

हा नगरप्रवेश मिल्टनच्या कथेच्या पुढचा. तो काव्यांत नाहीं हा दोष नव्हे. दोष आहे तो सुराचा. चार सर्गभर नायक वादांत जिंकत राहतो, आणि जिंकणाऱ्याच्या बोलण्यांत जो ताठा येतो तो त्याच्याही बोलण्यांत येतो. अपवाद एकच, आणि तो अगदीं शेवटीं. सैतान पडला आहे, देवदूतांचें स्तोत्र संपलें आहे. आतां कोणी प्रतिपक्षी नाहीं, श्रोताही नाहीं. हा जगाचा राजा कोणाच्या नजरेस न पडतां उठतो आणि आपल्या आईच्या घरीं परत जातो.