वरोरा : कोळशाचे गाव आणि आमचे स्थलवर्णन

स्थलवर्णन हा मराठीतील जुना आणि लाडका लेखनप्रकार आहे. तीर्थयात्रेची टिपणे, बखरींतील नगरांची वर्णने, पुढे गॅझेटियरच्या वळणाने लिहिलेली जिल्ह्यांची माहितीपुस्तके आणि अलीकडचे शहरांचे स्मरणग्रंथ, अशी त्याची दीर्घ परंपरा आहे. आम्हां माळव्यातील मराठी माणसांचा या प्रकाराशी विशेष ऋणानुबंध आहे. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ ज्यांनी १९०७ साली प्रथम प्रसिद्ध केला, ते चिंतामण विनायक वैद्य ग्वाल्हेर संस्थानच्या न्यायखात्यात आमच्याच उज्जैनीत नोकरीस होते. स्थळ पाहताना काय पाहावे आणि काय टिपून ठेवावे, याचा वस्तुपाठ त्या भिक्षुकाच्या लेखणीने घालून दिला. परंतु त्या परंपरेला एक डोळस वाचक या नात्याने प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे, असे आम्हांला वाटते. गावाचे वर्णन करताना आम्ही मराठी लेखक नेमके काय गाळतो? या प्रश्नाची तपासणी करण्यासाठी आम्ही येथे चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा हे गाव निवडले आहे.

वरोऱ्याची ओळख विचारली तर बहुतेक सुशिक्षित मराठी माणूस ‘आनंदवन’ हा एकच शब्द उच्चारील. ते योग्यही आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि थोड्याच काळात वरोऱ्याजवळच्या माळरानावर जे उभे केले, त्याने या नगराचे नाव जगभर नेले. परंतु आनंदवनापूर्वी पाऊण शतक याच गावाचे नाव हिंदुस्थानच्या औद्योगिक नकाशावर ठळकपणे उमटले होते, हे फार थोड्यांच्या स्मरणात असते. वरोऱ्यास सरकारी मालकीची कोळशाची खाण होती. १८७०च्या दशकाच्या आरंभी ती सुरू झाली आणि १९०६ साली कायमची बंद झाली.

या गावाचा इतिहास समजण्यासाठी आधी त्याचा भूगोल समजावा लागतो. वर्धा नदीच्या खोऱ्यात दख्खनच्या काळ्या पाषाणाचा पसारा पूर्वेकडे विरत जातो आणि त्याखालील गोंडवन काळातील वालुकाश्म उघडा पडू लागतो. पश्चिमेकडे काळी जमीन, कापूस आणि ज्वारी. पूर्वेकडे जंगल, तलाव आणि भात. वरोरा या दोन मुलुखांच्या सांध्यावर, पण कापसाच्या बाजूस वसलेले आहे. वालुकाश्माच्या थरांत पंचवीस कोटी वर्षांहूनही जुना कोळसा दडलेला आहे. भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी या खोऱ्याचा अभ्यास करून १८७७ साली जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, तो या प्रदेशावरील पहिल्या विस्तृत शास्त्रीय ग्रंथांपैकी एक होय. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंतचा लोहमार्गही त्याच दशकात आला, आणि तो प्रवाशांच्या सोयीसाठी नव्हे, तर कोळशासाठी आला.

१८७७ हे वर्ष आणखी एका घटनेमुळे लक्षात ठेवावे. त्या वर्षीच्या १ जानेवारीस जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. मुंबई सोडून नागपूर निवडण्यामागे कापसाचे सान्निध्य होते, तसेच वरोऱ्याच्या कोळशाचेही होते. पुढे १८८२ साली जर्मन भूशास्त्रज्ञ रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा अहवाल टाटांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे उत्तम लोहखनिज आहे, असे त्यात म्हटले होते. लोहाऱ्याचे खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा यांची सांगड घालून पोलाद करता येईल, असे स्वप्न टाटांनी पाहिले आणि कोळशाचे नमुने तपासणीसाठी जर्मनीस धाडले. हा कोळसा पोलादाच्या भट्टीस निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष निघाला. त्या काळच्या खाणपट्ट्यांच्या अटीही जाचक होत्या. बेत बारगळला आणि पाव शतकानंतर तो साक्चीस, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, फळास आला. वरोऱ्याचा कोळसा कोक होण्याजोगा असता तर हिंदुस्थानचे पहिले पोलादनगर कदाचित मराठी मुलुखात वसले असते. एका खनिजाच्या गुणधर्माने एका गावाचे भवितव्य कसे बदलले, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

खाणीचा पुढचा इतिहास संक्षेपाने सांगता येतो. १८९१ साली नागपूर–आसनसोल मार्ग खुला झाला आणि बंगालच्या अधिक चांगल्या कोळशाला थेट नागपुरात येण्याची वाट मिळाली. वरोऱ्यातील काढण्याजोगा कोळसा संपत आला, तेव्हा सरकारने दक्षिणेकडे बल्लारपूर येथे नवी खाण हाती घेतली. १९०६ साली वरोऱ्याची खाण मिटली. लोहमार्ग मात्र पुढे सरकत राहिला; १९२९ साली काझीपेठ–बल्लारशाह हा दुवा पूर्ण झाला आणि कोळशासाठी घातलेला तो फाटा दिल्ली–मद्रास या हमरस्त्याचा भाग बनला. खाण गेली, पण तिने आणलेली वाट राहिली. कापसाच्या बाजारपेठेने गावास तगवले. पुढे राष्ट्रीयीकरणानंतर या पट्ट्यात पुन्हा खाणी वाढल्या आणि आजही वरोरा तालुक्यात कोळसा निघतो. परंतु त्या पहिल्या खाणीशी त्यांचा संबंध केवळ भूगर्भातून आहे, स्मृतीतून नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा इतिहास आम्हांला कोणत्या लेखनातून कळतो? पहिला वर्ग भूशास्त्रीय वृत्तान्तांचा. त्यांची दृष्टी जमिनीखाली जाते, हे त्यांचे सामर्थ्य. आणि जमिनीवर कोण उभे आहे हे त्यांना दिसत नाही, ही त्यांची मर्यादा. ती मर्यादा त्यांच्या विषयातूनच आलेली असल्यामुळे तिच्याविषयी तक्रार करता येत नाही. दुसरा वर्ग गॅझेटियरांचा. चांदा जिल्ह्याचे गॅझेटियर १९०९ साली, म्हणजे खाण मिटल्यावर अवघ्या तीन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. गॅझेटियरची शिस्त आम्ही मानतो. स्थान, हवामान, पिके, जाती, व्यापार, दळणवळण अशा ठरीव मथळ्यांखाली ते गाव मांडते आणि त्यामुळे एका गावाची दुसऱ्याशी तुलना करता येते. परंतु या मांडणीत मजुरीचे दर असतात, मजूर नसतो. खाण सुरू झाल्याचे वर्ष असते, बंद झाल्याचे वर्ष असते. बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी खाणकामगार कोठे गेले, हे विचारण्यासाठी त्यात मथळाच नसतो. गॅझेटियर हे राज्यकर्त्याच्या उपयोगासाठी लिहिलेले पुस्तक होते आणि ज्याचा महसूल थांबला त्या गोष्टीत राज्यकर्त्याचा रस थांबतो. आमचे दुर्दैव असे, की पुढे मराठीत ज्यांनी स्थानिक इतिहास लिहिले, त्यांच्यापैकी अनेकांनी गॅझेटियरची माहिती उचलली आणि तिच्याबरोबर तिचे मौनही उचलले.

तिसरा वर्ग आनंदवनाविषयीच्या साहित्याचा. साधनाताई आमटे यांचे ‘समिधा’ हे आत्मकथन मराठीतील श्रेष्ठ आत्मकथनांत गणावे लागेल. या सर्व साहित्यात माणूस केंद्रस्थानी आहे आणि श्रमाला प्रतिष्ठा आहे. म्हणजे पहिल्या दोन वर्गांत जे नव्हते ते नेमके येथे आहे. तरीही वरोरा नगराच्या दृष्टीने पाहता एक गंमत घडते. एका महान कार्याच्या तेजात गाव केवळ पत्त्यापुरते उरते. वास्तविक बाबा आमटे यांचा प्रवास या गावाच्याच पोटातून झालेला आहे. ते वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, सफाई कामगारांच्या संघटनेत होते आणि त्या कामगारांचे दुःख कळावे म्हणून त्यांनी स्वतः मैला वाहिला. त्या कामातच त्यांना तो कुष्ठरोगी भेटला, ज्याच्या दर्शनाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. कामगारांचे, मालवाहतुकीचे आणि बाजारपेठेचे हे गाव नसते तर ती पालिका आणि तो प्रसंग यांना वेगळे रूप आले असते, असे म्हणण्यास जागा आहे. मोठ्या माणसाचे चरित्र लिहिताना त्याच्या गावालाही चरित्र असते, हे आमचे चरित्रकार बहुधा विसरतात.

चौथा वर्ग ललित साहित्याचा आणि येथील उणीव सर्वांत अधिक जाणवणारी आहे. बंगालीत शैलजानंद मुखोपाध्याय यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच कोळसाखाणीतील संथाळ मजुरांच्या कथा लिहिल्या. चासनाला येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी खाणीत पाणी शिरून शेकडो कामगार बुडाले. त्या घटनेच्या आधारे हिंदीत संजीव यांनी ‘सावधान! नीचे आग है’ ही कादंबरी लिहिली. उर्दूत इलियास अहमद गद्दी यांच्या ‘फायर एरिया’ला १९९६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. फ्रेंच भाषेत झोला यांच्या ‘जर्मिनल’ने १८८५ सालीच हा विषय कादंबरीच्या अग्रस्थानी आणला होता. त्या वर्षी वरोऱ्याची खाण भरात होती. मराठीत या तोडीची खाणकादंबरी आमच्या वाचनात नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. मराठी साहित्य कामगारांविषयी उदासीन आहे हे खोटे, असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे बरोबर ठरेल. नारायण सुर्वे यांची कविता आहे, जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक आहे. मुंबईच्या गिरणगावाने मराठीला समृद्ध केले. परंतु यातच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. गिरणगाव मराठी बोलत होते. तेथे शाहीर होते, नाटकमंडळ्या होत्या, वाचनालये होती. लिहिणारा त्याच चाळीत वाढत होता. वर्धा खोऱ्यातील खाणींचे जग बहुभाषिक होते. तेथे तेलुगू होती, हिंदी होती, छत्तीसगढी आणि गोंडी होती. आमचा लिहिणारा मराठी मध्यमवर्ग तेथे कचेरीत, शाळेत किंवा स्थानकावर होता. खाणीत उतरणाऱ्याची भाषा त्याच्या कानावर पडत असली तरी लेखणीपर्यंत पोचली नाही. दोष हेतूचा नसून अंतराचा आहे, असे आम्ही मानतो. तथापि अंतर ओळखल्यानंतरही ते तसेच ठेवणे हा मात्र दोष होईल.

येथपर्यंत वाचून, हे सारे उज्जैनीच्या अंकात कशासाठी, असे वाचकांना वाटले असेल. त्याचे कारण आमच्या अंगणातच आहे. आमच्या घराण्यांनी उज्जैनीविषयी जे लिहिले, त्यात राणोजी शिंद्यांचे ठाणे आहे, रामचंद्रबाबांनी केलेला महाकाल मंदिराचा जीर्णोद्धार आहे, १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेल्याची हळहळ आहे, क्षिप्रेचे घाट आणि सिंहस्थाची वर्णने आहेत. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘महाकाल लोक’चे लोकार्पण झाल्यावर तर शहराचे सारे चित्र मंदिराच्या प्रांगणात सामावले गेले. या चित्रात काहीही खोटे नाही. पण विसाव्या शतकातील उज्जैन हे गिरण्यांचेही शहर होते. विनोद मिल होती, हिरा मिल होती, त्यांच्या चाळी होत्या, भोंग्यावर उठणारे मोहल्ले होते. विनोद मिल १९९०च्या दशकात बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न दोन दशकांहून अधिक काळ न्यायालयांत राहिला. शेजारच्या इंदुरात हुकुमचंद मिल १९९२ साली बंद झाली; तेथील सुमारे ४,८०० कामगारांच्या २२४ कोटी रुपयांच्या देण्यांचा निकाल लागण्यास २५ डिसेंबर २०२३ उजाडावे लागले. तोवर त्यांतील कित्येक हयात राहिले नव्हते. आमच्या स्मरणिकांतून, वाड्यांच्या आणि कुलांच्या इतिहासांतून या विषयावर किती पाने निघतील? वरोऱ्याच्या लेखनातील जे मौन आम्ही वर दाखवले, तेच आमच्या दप्तरातही आहे.

कोणी म्हणेल, की स्थलवर्णनाचे काम गावाचा गौरव करणे हे आहे, जखमा मोजणे नव्हे. आम्हांला हे द्वैत मान्य नाही. वरोऱ्याची कथा केवळ ऱ्हासाची नाही. खाण गेल्यावर गाव टिकले, बाजार टिकला, आणि ज्या माळरानातून कोणास काही अपेक्षा नव्हती तेथे आनंदवन फुलले. पण काय गेले हे सांगितल्याशिवाय काय टिकले याचे मोल वाचकास कळत नाही. म्हणून यापुढे कोणत्याही गावाचा इतिहास हाती घेताना आम्ही त्याला तीन साधे प्रश्न विचारावेत : येथे पोटाचे साधन काय होते? ते का संपले? संपल्यावर माणसांनी काय केले? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देणारे पुस्तक लहान असले, ओबडधोबड असले, तरी ते आम्ही चांगले समजावे.

उज्जैनीच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे देऊ शकणारी माणसे अजून आमच्या आसपास आहेत. गिरणीच्या कचेरीत हिशेब लिहिलेले, साच्यावर उभे राहिलेले, चाळीत लहानाचे मोठे झालेले. त्यांच्यापैकी काही आमच्या घरांतील आहेत, बहुतेक शेजारच्या घरांतील, आणि त्यांची भाषा मराठी नसून माळवी किंवा हिंदी आहे. वरोऱ्यात जे अंतर आमच्या पूर्वसूरींना ओलांडता आले नाही, ते येथे एका गल्लीएवढेच आहे. वरोऱ्याच्या पहिल्या खाणीत उतरलेल्या माणसांस विचारण्याची संधी केव्हाच निघून गेली. येथील संधी अजून गेलेली नाही. या अंकाच्या वाचकांपैकी ज्यांच्याजवळ अशी आठवण, पगाराचा कागद वा जुने छायाचित्र असेल, त्यांनी ते जपावे आणि लिहून ठेवावे, एवढी विनंती करून आम्ही हे विवेचन पुरे करतो.