व्याघ्र, नौका आणि दोन कथा

वाचक माउली, आज ज्या ग्रंथाविषयी चार शब्द लिहायचे आहेत तो संतांचा नाही, मराठीतला नाही आणि लिहिणारा आपल्या देशातलाही नाही. तरी पंढरीच्या वाटेवरच्या माणसाने त्याकडे पाहावे असे त्यात काही आहे, आणि जिथे ते आपल्या विचाराला पटत नाही तिथे ते का पटत नाही हेही सांगितले पाहिजे. म्हणून हा प्रपंच.

माझी नात कॅनडात, टोरांटोजवळ बारावीला आहे. तिच्या इंग्रजीच्या परीक्षेला ‘लाइफ ऑफ पाय’ ही यान मार्टेल यांची कादंबरी लागली. २००१ साली ती निघाली, पुढच्या वर्षी तिला बुकर पारितोषिक मिळाले, २०१२ साली तिच्यावर चित्रपटही आला. पुस्तकात देवाधर्माचे पुष्कळ आहे, आणि आजोबा पन्नास वर्षे कीर्तन करत होते, तेव्हा आजोबांनाच विचारू, असे पोरीने ठरवले. माझी काकडआरती आटोपून चहा होतो तेव्हा तिच्याकडे रात्र झालेली असते. ती फोनवर एकेक प्रकरण वाचायची, तिच्या तिकडच्या मराठीत मला सांगायची आणि मग प्रश्न विचारायची. माझे इंग्रजी जुन्या सातवीपुरते. आळंदीला जोग महाराजांच्या संस्थेत ज्ञानेश्वरी, गाथा, नाथभागवत शिकलो. कादंबरी कशी वाचतात ते कोणी शिकवले नाही. तेव्हा मी तिच्याकडे आख्यान ऐकावे तसे पाहिले, ही मर्यादा आधीच सांगतो.

कथा अशी. पाँडिचेरीत पटेल नावाचे गृहस्थ प्राणिसंग्रहालय चालवतात. त्यांचा धाकटा मुलगा पाय. घर शाकाहारी, मुलगा देवभोळा. आणीबाणीच्या काळात वडिलांचे मन देशावरून उडते आणि १९७७ च्या जूनमध्ये कुटुंब प्राण्यांसह मद्रासहून जपानी मालवाहू बोटीने कॅनडाला निघते. वाटेत बोट बुडते. सोळा वर्षांचा पाय एका जीवनौकेत वाचतो. सोबत पाय मोडलेला झेब्रा, तरस, ओरांगउटान जातीची वानरी आणि रिचर्ड पार्कर नावाचा बंगाली वाघ. तरस झेब्य्राला आणि वानरीला मारते, वाघ तरसाला मारतो. मग पॅसिफिक महासागरात वाघ आणि मुलगा असे दोघेच उरतात. २२७ दिवसांनी नौका मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागते.

एक गंमत सांगतो. प्रस्तावनेत लेखक म्हणतो की भारतात आल्यावर तो आपल्या माथेरानला राहून दुसरीच एक कादंबरी लिहीत होता. ती तिथेच मेली. मग दक्षिणेत पाँडिचेरीच्या कॉफी हाउसात एका म्हाताऱ्याने त्याला ही गोष्ट सांगितली, आणि वर सांगितले की ही ऐकून देवावर विश्वास बसेल. हा दावा लक्षात ठेवा. त्याचा हिशेब शेवटी करू.

आधी पदरात घेण्यासारखे काय ते घेऊ. रासक्रीडेचा प्रसंग पुस्तकात येतो. गोपींना ‘कृष्ण माझ्या एकटीचा’ असे वाटले की तो दिसेनासा होतो. भागवताच्या दशम स्कंधातला हा मर्माचा भाग लेखकाने बरोबर पकडला आहे, आणि त्यावरून देवाविषयी मत्सर धरू नये असे पायच्या तोंडी घातले आहे. हा मुलगा हिंदू असून चर्चमध्ये जातो, मशिदीतही जातो. तिन्हीकडचे गुरू एके दिवशी समोरासमोर येतात, ‘हा आमचा’ म्हणून भांडतात, आणि मुलगा म्हणतो की मला फक्त देवावर प्रेम करायचे आहे. नातीला वाटले, आजोबा रागावतील. मी म्हटले, बाळ, श्रीगोंद्याचे शेख महंमद बाबा आपल्या संतमंडळीत आहेत, आणि देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पहिल्याच टप्प्यात अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते. मी कशाला रागावू? मला उणे वाटले ते दुसरेच. पायला तीन देवघरे मिळाली, पण दिंडी एकही मिळाली नाही. त्याची भक्ती पहिल्यापासून एकट्याची आहे. आपल्याकडे टाळ हातात घेतला की शेजारचा टाळ ऐकावाच लागतो.

समुद्रावरचा भाग मात्र मला फार भावला. मुलगा नौकेतही नित्यनेम सोडत नाही. मूर्ती नाही, पुरोहित नाही, मक्का कुठल्या दिशेला ते कळत नाही, प्रसादाला कासवाचे मांस. तरी दिवसातून अनेक वेळा प्रार्थना होते. प्रार्थनेने समुद्र शांत होत नाही, हे लेखकाने लपवलेले नाही. कितीदा तरी मुलाचे मन बुडते. पण वेळ झाली की तो पुन्हा बसतो. वारीत पाऊस लागतो, पायाला फोड येतात, नामात गोडी उरत नाही, तरी पाऊल पुढे टाकावेच लागते. ज्याने हे केले आहे त्याला हे प्रकरण समजावून सांगावे लागणार नाही. अथांग पाणी पाहून पायला निजलेल्या विष्णूच्या मुखातून बाहेर पडलेला मार्कंडेय आठवतो. प्रलयाचा हा प्रसंग मी भागवताच्या बाराव्या स्कंधावरून कितीदा तरी सांगितला. पण प्रलयात पोहणारा मार्कंडेय भुकेलाही असेल, हे माझ्या ध्यानात कधी आले नाही.

आणि भूक. शाकाहारी घरातला मुलगा पहिला उडता मासा मारतो तेव्हा त्याचे डोके कापडात झाकतो, मान मोडतो आणि ढसढसा रडतो. त्या माशासाठी तो पुढे रोज प्रार्थना करतो. नंतर मोठा मासा मिळतो तेव्हा मत्स्यरूपाने आलास म्हणून विष्णूचे आभार मानतो. आभारही खरे, मारणेही खरे. माळकऱ्यांनी इथे नाक मुरडू नये. उपास आपण ठरवून करतो, भूक ठरवून येत नाही.

वाघाविषयी नातीने विचारले, ‘आजोबा, हा वाघ म्हणजे काय?’ तिच्या शाळेत त्याला प्रतीक म्हणतात. मी म्हटले, आमच्याकडे दृष्टान्त म्हणतात. पाय वाघाला मारत नाही, कारण मारता येत नाही. तो त्याला खाऊ घालतो, पाणी देतो, शिट्टी वाजवून हद्द आखून देतो. आणि कबूल करतो की या वाघाच्या भीतीनेच मला जिवंत ठेवले. मनाविषयी संत आणखी काय सांगतात? किनाऱ्याला लागल्यावर वाघ मागे वळूनही न पाहता जंगलात जातो, आणि मुलगा त्यासाठी रडतो. हे मला एकदम समजले नाही. पुढचे ऐकल्यावर समजले.

आता मुख्य ठिकाणी येऊ. मेक्सिकोच्या दवाखान्यात जपानचे दोन अधिकारी बोट का बुडाली ते विचारायला येतात. वाघाची गोष्ट त्यांना पटत नाही. तेव्हा पाय दुसरी सांगतो. तीत प्राणी नाहीत. नौकेत पाय मोडलेला खलाशी, बोटीवरचा आचारी, पायची आई आणि पाय. आचाऱ्याने खलाशाचे काय केले, मग आईचे काय केले आणि शेवटी पायने आचाऱ्याचे काय केले, ते इथे लिहवत नाही. ऐकणाऱ्याला कळते की झेब्रा खलाशी, वानरी आई, तरस आचारी. आणि वाघ हा मुलगा स्वतः. मग पाय विचारतो, दोन्हींनी तुमचा तपास पुढे जात नाही, दोन्ही तुम्हाला सिद्ध करता येत नाहीत, तर चांगली गोष्ट कोणती? ते म्हणतात, प्राण्यांची. देवाविषयीही पाय हाच न्याय लावतो. अधिकारी आपल्या अहवालात वाघच नोंदवतात.

नातीच्या परीक्षेतला प्रश्न इथलाच होता. कोणती कथा तुम्ही स्वीकाराल, आणि का? तिने विचारले, ‘तुम्ही कोणती घ्याल?’

मी तीन दिवस उत्तर दिले नाही. का, ते आता सांगतो.

बहात्तरचा दुष्काळ. मी बाविशीत होतो. विहिरी आटल्या, आम्ही रस्त्याच्या कामावर खडी फोडायचो. सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो मिळायची. दावणीला दोन बैल होते, सर्जा आणि राजा. आमचे वडील सांगत की बैल छावणीत नेऊन सोडले, तिथे ते म्हातारे होऊन गेले, आणि जाताना आपण त्यांच्या तोंडात तुळशीचे पाणी घातले. ही हकीकत मी कीर्तनात तीस वर्षे सांगितली. दया आणि भूतमात्री देव, हा विषय आला की सांगायचो. बाया डोळ्याला पदर लावायच्या.

खरे असे आहे की वडिलांनी बैल आठवड्याच्या बाजारात हेड्याला विकले. त्या वर्षी पाण्याविना बैल कोण पोसायला घेतो? ते कुठे जाणार हे विकणाऱ्याला ठाऊक होते, घेणाऱ्याला ठाऊक होते, आणि मलाही ठाऊक होते. कारण राजाचा कासरा माझ्या हातात होता. त्या पैशांत आईचे औषध आले आणि घरात दाणे आले. परतताना वडील एक शब्द बोलले नाहीत. ते गळ्यातल्या माळेला हात लावत आणि काढून घेत. छावणीची हकीकत त्यांनी पुढच्या आषाढीला पहिल्यांदा सांगितली.

वडिलांना मी दोष देत नाही. ती हकीकत ही त्यांची नौका होती, तीत बसल्याशिवाय ते जगले नसते. पण मी तीच फडावर आणली आणि तिच्यावर नारळ-उपरणी घेतली, हे मला या पुस्तकाने दाखवले.

म्हणून कादंबरीच्या त्या प्रश्नाशी माझे भांडण आहे. ‘चांगली गोष्ट कोणती’ असे विचारले की देव हा आवडीनिवडीचा भाग होतो. आपली संतपरंपरा असे विचारत नाही. दामाजीपंतांचे आख्यान घ्या. मंगळवेढ्याला दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारे भुकेल्यांना उघडून दिली, आणि विठू महाराच्या रूपाने पांडुरंगाने बेदरच्या दरबारी धान्याची रक्कम भरून पावती घेतली. मला एका गावी एका शिक्षकांनी विचारले होते, ‘महाराज, देव खरेच बेदरला गेला का?’ तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली होती. आज सांगतो. त्या आख्यानातून देव काढून ठेवा, तरी कोठार उघडलेलेच राहते, धान्य त्याच तोंडात पडते, आणि दामाजींची मान त्याच सुरीखाली असते. दिव्य कथा तिथे कोरड्या कथेच्या खांद्यावर उभी आहे, तिला झाकत नाही. पायची वाघाची कथा मात्र आईच्या मरणावर आणि स्वतःच्या हातांवर पांघरूण घालते. माझी छावणीची कथाही तशीच.

आणि तुकोबाराय पाहा. त्यांच्याही वाट्याला दुष्काळ आला. घर उद्ध्वस्त झाले, पत्नी भुकेने गेली, व्यापार बुडाला, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली. हे त्यांनी स्वतःच्या अभंगात स्वतः सांगितले. विठोबा भेटला तो ही हकीकत गाळून नाही, तिच्यासकट. त्यांना दोन कथा कधी कराव्याच लागल्या नाहीत.

हे सगळे मी नातीला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘पण आजोबा, तो सोळा वर्षांचा होता. आणि त्याने दुसरी गोष्टही सांगितलीच ना? कोणी जबरदस्ती केली नव्हती.’

पोरीने मला चूक दाखवली. खरेच, दोन परक्या माणसांपुढे, एकदाच, पण त्याने ती सांगितली. सगळे पुस्तक त्या थोड्या पानांवर तोलले आहे. वाघ गेला म्हणून तो का रडला, हेही तिथे कळते. जगायला जे अंगात आले होते ते काम झाल्यावर निरोपही न घेता निघून गेले, आणि केलेले मात्र मागे राहिले. म्हणजे हा ग्रंथ स्वतःच्या दाव्यापेक्षा प्रामाणिक आहे. कॉफी हाउसातला म्हातारा म्हणतो तसा तो देवावर विश्वास बसवत नाही. विश्वास गोष्टीने बसत नसतो, नित्यनेमाने बसतो, आणि तो या पुस्तकात नौकेतच बसलेला आहे. शेवटी ग्रंथ जे करतो ते वेगळे. तो माणसाला विचारतो, तुझी दुसरी कथा कोणती?

तिने उत्तरपत्रिकेत काय लिहिले ते मी विचारले नाही. मी एवढेच म्हटले होते की बाळ, वाघाची कथा घे, पण आईची कथा खाली पुसू नको.

गेल्या एकादशीला आमच्या गावच्या देवळात हरिपाठ झाल्यावर चार माणसे बसली होती. कीर्तन आता माझ्याच्याने होत नाही, दम लागतो. बसल्या बसल्या सर्जा-राजाची हकीकत सांगितली, बाजाराची. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘आमचेही त्याच बाजारात गेले होते.’ मग कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने कोणीतरी टाळ उचलला.

वाचक माउलींनी चूकभूल पदरात घ्यावी. रामकृष्ण हरी.