कुंचला आणि लेखणी

पेडणे-डिचोलीच्या जत्रांतील दशावतारात आख्यानाचा सांगाडा ठरलेला असतो. संवाद नट आयत्या वेळी रचतो. रचनाकार कोण, असा वाद तेथे होत नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेतील 'मार्व्हल'च्या महानायक-चित्रकथाही काहीशा याच रीतीने घडत. स्टॅन ली रूपरेषा सांगत, चित्रकार पाने रेखाटीत आणि मग ली संवाद लिहीत. दशावतारात अभिनय आणि शब्द एकाच नटाचे. येथे चित्र एकाचे, शब्द दुसऱ्याचा. कलहाचे मूळ यातच आहे.

१९६२ साली अवतरलेल्या 'स्पायडर-मॅन'चे चित्रकार स्टीव्ह डिट्को पुढे कथानकही स्वतः रचू लागले. १९६५ पासून तसा नामनिर्देशही झाला. तरी उभयतांतील संभाषण आटले आणि १९६६ मध्ये डिट्को बाहेर पडले. त्यांच्या रेखांतील एकाकी, चिंताक्रांत तरुण आणि लींच्या शब्दांतील मिस्कीलपणा यांच्या ताणातूनच तो नायक जिवंत झाला, हे मात्र विसरता येत नाही.

आपल्याकडे १९९१ पासून 'सकाळ'मध्ये आलेल्या 'चिंटू'वर चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर ही दोन्ही नावे असत. श्रेय ही केवळ सौजन्याची बाब नव्हे. चित्रकथेत चित्रही वाचायचे असते, याची ती जाणीव आहे.