खिम्यात दडवलेले काळीज

सहा वर्षांपूर्वी मी या महाविद्यालयात मराठी शिकवायला रुजू झाले. पहिल्याच महिन्यात एकदा माझ्या डब्यात वजडी होती. प्राध्यापक-कक्षात डबा उघडला तेव्हा समोरच्या बाईंनी आपली खुर्ची खिडकीपाशी नेली. त्या काही बोलल्या नाहीत. मीही काही बोलले नाही. मात्र त्यानंतर तो पदार्थ मी डब्यात नेला नाही. गेल्या महिन्यात त्याच बाईंनी माझ्यासमोर काही छापील कागद ठेवले आणि आपुलकीने म्हणाल्या, "मॅडम, हे वाचा. लोह किती असतं बघा यात!" कागदांवर अमेरिकेतल्या शिकारी कुटुंबांसाठी लिहिलेल्या पाककृती होत्या. रानातल्या हरणाचे काळीज, हृदय आणि गुर्दे मांसाबरोबर यंत्रातून काढून खिमा कसा करावा आणि त्यातून आरोग्यदायी जेवण कसे बनवावे, हा विषय.

बाईंचा हेतू वाईट नव्हता. म्हणूनच तो मजकूर मी बाजूला टाकला नाही. वर्गात एखादी कविता वाचावी तसा वाचला. पाककृती हेही वाङ्मय आहे. तिला निवेदक असतो, तिने गृहीत धरलेला वाचक असतो आणि तिने गाळलेले पुष्कळ काही असते. आपण कथा-कवितेची समीक्षा करतो आणि पाककृतीला बायकांच्या पुरवणीतला मजकूर समजून सोडून देतो, ही आपली चूक आहे असे मला वाटते. कोणी काय खावे आणि काय खाल्ल्याची लाज धरावी, हे या देशात कवितेपेक्षा ताटाने अधिक ठरवले आहे.

प्रथम त्या मजकुराचे जे आहे ते त्याला दिले पाहिजे. त्यात सांगितलेले पोषण खरे आहे. काळजात लोह, ब-१२ आणि अ जीवनसत्त्व भरपूर असते. हृदय हा तर शुद्ध स्नायूच, चरबी कमी. मारलेल्या जनावराचे काही वाया घालवू नये, हा विचारही चांगला आहे. १९९९ साली लंडनच्या फर्गस हेंडरसन या आचाऱ्याचे 'नोज टू टेल ईटिंग' हे पुस्तक निघाले आणि नाकापासून शेपटीपर्यंत सर्व खाण्याला तिकडच्या उंची हॉटेलांत प्रतिष्ठा आली. अमेरिकेत हँक शॉ याच्या २०१६ सालच्या 'बक, बक, मूस' या हरीणवर्गीय प्राण्यांच्या पाकपुस्तकात पोटातल्या अवयवांनाही जागा आहे. माझ्या हातातले कागद याच वाटेवरचे. फक्त ते हॉटेलासाठी नाहीत, घरासाठी आहेत.

पण या घरगुती मजकुरात एक सूचना पुन्हा पुन्हा येते. काळीज थोडेच घ्या, मांस त्याच्या कितीतरी पट घ्या, दोन्ही एकत्र बारीक करा, वर मसाला नि टोमॅटो घाला, म्हणजे घरच्यांना कळणार नाही. मुलांना कळणार नाही, नवऱ्याला कळणार नाही! सगळ्या कृतीचा भर या न कळण्यावर आहे. म्हणजे खिमा करण्याचे कारण दात नव्हे. कारण किळस आहे. ही किळस चुकीची आहे असे निवेदक कुठेच म्हणत नाही. तो ती मान्य करतो आणि तिला वळसा घालतो. गुण घ्यायचा आणि नाव पुसायचे, अशी ही रीत आहे. आपल्या वाचकांना ही रीत नवी नाही. आपली गाणी, आपली वाद्ये, आपले शब्द प्रस्थापितांनी असेच बारीक करून आपल्या ताटात घेतले आहेत.

दुसरी गोष्ट मालकीची. या मजकुरातल्या कुटुंबाजवळ परवाना आहे, बंदूक आहे, मांस दळायचे यंत्र आहे, वर्षभराचे मांस मावेल एवढी शीतपेटी आहे. रान कुणाचे होते, हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. ज्यांचे ते रान होते त्यांनीही मांस कुटले होते. उत्तरेकडच्या मैदानातले मूळचे लोक गव्याचे मांस वाळवून, दगडाने कुटून, वितळलेली चरबी आणि कधी रानफळे मिसळून ठेवत. क्री भाषेतून आलेला 'पेमिकन' हा त्याचा शब्द. ते कुटणे टिकवण्यासाठी होते, लपवण्यासाठी नव्हते. १८७० आणि १८८० च्या दशकांत कातड्यासाठी गव्यांची एवढी कत्तल झाली की लाखोंच्या कळपांतून काही शेकडे उरले, आणि ते लोक राखीव वस्त्यांत सरकारी पिठाच्या शिध्यावर आले. ओग्लाला लाकोटा जमातीचा आचारी शॉन शर्मन याने २०१७ साली आपल्या लोकांच्या अन्नाचे पुस्तक लिहिले, तेव्हा गव्हाचे पीठ, दूध आणि साखर या तिन्हींना त्यातून बाहेर ठेवले. ती आवडीनिवडीची बाब नव्हती. तो नकार होता. आपल्याला नकाराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

तिसरी गोष्ट गरिबाच्या वाट्याची, आणि इथे पौष्टिकतेची भाषाही अडखळते. तिकडे शिकारीचे मांस विकता येत नाही, पण दान करता येते. २००८ साली नॉर्थ डकोटा राज्यात गरिबांसाठीच्या अन्नकेंद्रांना दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले आणि तो खिमा टाकून देण्यास अधिकाऱ्यांनी सांगितले. शिशाची गोळी जनावराच्या अंगात फुटते, तिचे कण जखमेपासून दूरपर्यंत जातात आणि यंत्र ते सगळ्या मांसात कालवते. दळण्याचा गुणच असा आहे. वरवर लागलेले जंतूही खिम्यात आतपर्यंत पोचतात. म्हणून खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापला पाहिजे असा तिकडचा नियम आहे. मेन राज्यात मूसचे काळीज आणि गुर्दे खाऊ नयेत असा सरकारी सल्ला आहे, कारण त्यांत कॅडमियम साठते. जे जनावराच्या पोटात गेले त्याचा हिशोब काळीज आणि गुर्दे ठेवतात. म्हणजे रानातले म्हणून ते निर्मळ, हे म्हणणेही तपासूनच घ्यावे लागते.

आता आपल्या घराकडे येते. माझी आजी मराठवाड्यातल्या एका खेड्यात सून म्हणून आली, तेव्हा पाटलाच्या शिकारीला आजोबा हाक्याला जात. रानडुक्कर उठवायचे आजोबांनी, गोळी घालायची पाटलांनी. वाटणी ठरलेली होती. आजी सांगते, "मांस वाड्यावर, पोटातलं आपल्याला. पण पोटातलं कसं शिजवायचं ते वाड्यावरच्यांना कुठं ठावं होतं?" या वाक्यात अपमान आहे आणि त्याच वाक्यात अभिमानही आहे. पित्ताची पिशवी न फोडता काळजापासून कशी सोडवायची, आतडे काडीवर उलटे करून कसे धुवायचे, फोफसाला आणि हृदयाला किती वेळ द्यायचा, काळीज मात्र शेवटी का टाकायचे, नाहीतर ते चामड्यासारखे का होते, हे सारे तिला पाठ आहे. आमच्या घरी पाट्यावर मसाला वाटला जाई; काळीज वाटले जात नसे. ताटात ते काळीज म्हणूनच पडे.

ही शिकार आता नाही आणि ती परत यावी असे मी म्हणत नाही. ज्या १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, त्याच साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. रान वाचलेच पाहिजे. पण वाड्यांवरच्या भिंतींवर शिंगे तशीच टांगलेली राहिली, आणि फासेपारध्याच्या हातातला फास मात्र गुन्ह्याचा पुरावा झाला, हेही त्याच इतिहासात लिहिले पाहिजे.

या जागी कोणी विचारील की, बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृत जनावराचे मांस सोडायला सांगितले, आणि तुम्ही पोटातल्याचे गोडवे गाता काय? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी जे सोडायला लावले ते मेलेले ढोर ओढण्याची आणि त्याच्या मांसावर जगण्याची सक्ती. ते सोडणे हा आपल्या माणूसपणाचा आरंभ होता. पण खाटकाच्या दुकानातून दाम मोजून आणलेले काळीज आणि वेशीबाहेर टाकलेले मढे यांत फरक आहे, आणि तो फरक पुसण्याचे काम आपल्यातल्या नव्या मध्यमवर्गानेही केले आहे. आम्ही तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत आलो तेव्हा आईने वजडी करणे बंद केले. मालकिणीने काही म्हटले नव्हते. आईनेच आधी खिडकी लावून घेतली होती.

आपल्या समीक्षेनेही एक खिडकी लावून घेतली आहे. 'बलुतं' १९७८ साली आले, 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. या आत्मकथनांतले अन्न आपण भुकेचा पुरावा म्हणून वाचले, अन्यायाचे साक्षीपत्र म्हणून वाचले. ते वाचन योग्यच होते. परंतु त्या चुलीपाशी बसलेल्या बाईला काहीतरी येत होते, ती जाणकार होती, हे आपण नोंदवले नाही. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ साली दलितांच्या अन्नस्मृतींचे 'इजन्ट धिस प्लेट इंडियन?' हे पुस्तक काढले, आणि २०१५ साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होते, हे पाटोळ्यांनी नावानिशी, कृतीसह लिहिले. शीर्षकातल्या एका 'अ'ने त्यांनी सगळ्या सोवळ्या पाकशास्त्राला उत्तर दिले. त्या पुस्तकात काही दडवलेले नाही, हेच त्याचे वाङ्मयीन मूल्य आहे.

तरीही गौरवावर थांबता येत नाही. मी आजीला विचारले, "काळीज कोण खायचं?" ती सहज म्हणाली, "तुझा आजा. मग पोरं." आणि ती? "रस्सा असायचा की." दोन वर्षांपूर्वी आईच्या अंगात रक्त कमी निघाले. डॉक्टरांनी काळीज खायला सांगितले. आईने ते आणले, शिजवले आणि माझ्या भावाच्या ताटात वाढले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. वाड्याने आजोबांना पोटातले दिले, हे आपण अन्याय म्हणून सांगतो. आजोबांच्या घरात आजीला रस्सा मिळाला, याला काय म्हणायचे? तो कागद लिहिणाऱ्याने घरच्यांपासून काळीज लपवले. आपण घरच्या बाईपासून लपवले. हे मान्य केल्यावाचून आपल्या अन्नाचा इतिहास पुरा होणार नाही.

बाईंना मी कागद परत केले. पोषण खरे आहे असे सांगितले, आणि गरोदरपणी काळीज बेताने खावे, त्यातले अ जीवनसत्त्व अति होते, हेही सांगितले. त्यांच्या सुनेसाठी त्या विचारत होत्या. मग सहा वर्षांपूर्वीच्या डब्याची आठवण दिली. त्या बराच वेळ गप्प होत्या. "ते हेच होतं?" एवढेच त्यांनी विचारले.

माझ्या विद्यार्थ्यांना मी या सत्रात एक काम दिले आहे. आपल्या आजीकडून एक पदार्थ लिहून आणा. त्याचे घरातले नाव लिहा, प्रमाणभाषेतले नको. कसा करायचा ते लिहा. आणि खाली एक ओळ अवश्य लिहा: तो कोणाच्या ताटात किती पडत असे. आतापर्यंत अकरा वह्या आल्या आहेत. त्यांतल्या चार वह्यांत शेवटची ओळ कोरी आहे. त्या चौघांना मी परत घरी पाठवले आहे.

या रविवारी आईकडे गेले होते. काळीज मीच केले, मोठे तुकडे ठेवून. पहिले ताट आईचे वाढले आणि ती जेवेपर्यंत समोर बसून राहिले.