देवनारची आग : काडी कुणी टाकली, एवढाच प्रश्न नाही

जानेवारी २०१६ च्या अखेरीस मुंबईत देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं. धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये परत आग. चर्चेत दोनच स्पष्टीकरणं फिरत राहिली : ‘मिथेन पेटला’ आणि ‘कुणीतरी लावली’. पुढं भंगारवाल्यांना अटकही झाली. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी या दोन्हींवर लगेच मान डोलवू नये.

मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असेल तरच पेट घेतो. ढिगाच्या पोटात तो जवळपास निम्मा असतो, बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. ऑक्सिजन नसल्यातच जमा. म्हणजे नुसता मिथेन असून भागत नाही, हवेला आत वाट लागते. देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय. कचरा दाबला नाही, मातीचा थर दिला नाही, उतार उघडे ठेवले की ती वाट तयार होते. आणि हो, गॅस काढायच्या विहिरींतून जास्त जोरानं ओढलं तरी हवाच आत खेचली जाते!

आता उष्णता. आमच्या कोल्हारकडं उकिरडा उकरला की वाफ येते, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. हवा मिळाली की जिवाणू कचरा कुजवताना उष्णता सोडतात. साधारण ७०-८० अंशांपुढं त्यांचा निभाव लागत नाही. तिथून पुढं रासायनिक ऑक्सिडीकरण तापमान चढवतं. कचऱ्यातून उष्णता लवकर बाहेर पडत नाही, म्हणून ज्वाळेशिवाय आत धुमसत राहतं. नेमका हाच टप्पा बातम्यांतून गायब असतो.

वर काडी पडलीही असेल. पण आग दिवसेंदिवस का विझत नाही, हे काडीवरून कळत नाही. त्यासाठी आतलं तापमान, कार्बन मोनॉक्साइड आणि अचानक खचलेली जमीन बघावी लागते. ही मोजमापं नसताना ‘कारण सापडलं’ म्हणणं म्हणजे निदानाआधीच औषध देणं. गोवंडीच्या शिवाजीनगरातल्या माणसाच्या छातीत धूर जातोय. एखाद्याला अटक केल्यानं ढिगाचं पोट गार होत नाही.

वरून मारलेलं पाणीही बरंचसं भेगांतून निघून जातं. कोचीजवळच्या ब्रह्मपुरमला मार्च २०२३ मध्ये यंत्रांनी ढीग उकरून आत पाणी सोडावं लागलं. त्यातही जोखीम आहेच : उकरलं की आतल्या निखाऱ्याला हवा मिळते, त्यामुळं पाणी त्याच क्षणी लागतं.