तीस फोटो आणि दोनची तफावत

लाँग प्लेच्या जमान्यात कव्हरावर गवयाने कसं दिसायचं हे आपल्याकडे जवळजवळ ठरलेलं असायचं. खांद्यावर शाल, मागे तानपुरा, एक हात हवेत, डोळे मिटलेले. आत सकाळचा भैरव असो की रात्रीचा बागेश्री, मुद्रा तीच! वर्षानुवर्षं एकच पासपोर्ट फोटो चिकटवणारे खातेदार मला ठाऊक आहेत, त्यामुळे यात काही वावगं वाटलं नव्हतं.

वाटलं ते ग्लेन गूल्डचं कव्हर पाहिल्यावर. हा २२ वर्षांचा पियानोवादक जून १९५५ मध्ये टोरांटोहून न्यूयॉर्कला आला. काम काय, तर कोलंबिया कंपनीसाठी बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ वाजवायची. सामान बघा : ओव्हरकोट, मफलर, हातमोजे (महिना जून!), टॉवेल, प्यायचं पाणी, औषधाच्या गोळ्या आणि घडीची खुर्ची. लग्नाचं वऱ्हाडसुद्धा खुर्च्या घेऊन निघत नाही हो! ही खुर्ची वडिलांनी पाय कापून बुटकी करून दिलेली. बैठक जमिनीपासून जेमतेम १४ इंच. तीवर बसून गडी पियानोवर असा वाकायचा, की जुन्या लेजरात चुकलेली नोंद शोधणारा कारकूनच वाटावा.

स्टुडिओ होता तिसाव्या रस्त्यावर, एका जुन्या चर्चमध्ये. तिथेच काढलेले त्याचे फोटो १९५६ साली कव्हरावर आले. किती? मोजून ३०. कारण व्हेरिएशन्स ३०.

नुसती आकड्यांची गंमत असती तर मी सोडून दिली असती. पण हे कव्हर आतलं संगीत समजावून सांगतं. बाखने खालच्या खर्जाची वाट तीच ठेवली आणि वरून चालणारा दर वेळी निराळा केला. कव्हरावरही माणूस तोच आणि तऱ्हा तीस. पाश्चात्य संगीतातलं ओ की ठो न कळणाऱ्या माझ्यासारख्या बी.कॉम.लाही ‘व्हेरिएशन’ म्हणजे काय ते रेकॉर्ड लावण्याआधीच कळलं. शिवाय कॅमेऱ्यासाठी सजून बसलेला कलावंत इथे नाही. कामाला जुंपलेला माणूस आहे. वाजवताना तो गुणगुणतो आणि ते रेकॉर्डवर ऐकूही येतं. आपल्या डोळे मिटलेल्या मंडळींनाही घाम फुटत असेलच की! तो कधी कुणी कव्हरावर येऊ दिला नाही.

आता एक हरकत. आरंभी एक ‘आरिया’ आहे आणि शेवटी तीच पुन्हा येते. म्हणजे एकूण तुकडे ३२, फोटो ३०. दोनची तफावत! कॅश दोन रुपयांनी जुळली नाही तर घरी न जाणारी आमची जात. मला झोप कशी यावी?

१९८१ साली गूल्ड त्याच स्टुडिओत परतला आणि तेच सगळं पुन्हा वाजवलं. पहिल्यांदा ३८ मिनिटं लागली होती, आता ५१. कव्हरावर या खेपेस एकच फोटो. रेकॉर्ड सप्टेंबर १९८२ मध्ये आली आणि ४ ऑक्टोबरला तो गेला. वय ५०.

शेवटची आरिया स्वरांनी पहिलीसारखीच आहे. पण मधले तीस ऐकून झाल्यावर ती पहिली राहत नाही.

तीस आणि एक, एकतीस. अजून एक फोटो कमी भरतो. हा फरक मात्र मी शोधत बसत नाही.