बंडखोरीविरुद्धच्या युद्धातील यशापयशाचा निकष
(हैदराबाद मुक्तिसंग्रामविषयक लेखनाच्या संदर्भात)

दोन नियमित सैन्यांच्या युद्धात शरणागतीचा दिवस निश्चित असतो. त्यामुळे यशापयशाचा निर्णय करणे फारसे कठीण नसते. परंतु राज्यसत्ता आपल्याच प्रजेतील उठावाशी झुंजू लागली म्हणजे असा दिवस सहसा हाती लागत नाही. १९४७-४८ मधील हैदराबाद संस्थानाविषयीच्या लेखनात ही अडचण विशेष जाणवते. कारण त्यातील महत्त्वाचे ग्रंथ त्या संघर्षात प्रत्यक्ष गुंतलेल्या व्यक्तींचे आहेत. कन्हैयालाल मुन्शी (१९५७), निजामाचे पंतप्रधान मीर लायक अली (१९६२) आणि स्वामी रामानंद तीर्थ (१९६७) ह्यांच्या भूमिका परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहेत. तथापि ह्या लेखनावर पोसलेल्या आपल्या चर्चेत १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस जणू अंतिम निवाडा म्हणून स्वीकारला जातो. हा निकष अपुरा आहे, असे येथे प्रतिपादावयाचे आहे.

प्रथम निजामी सत्तेचा विचार करू. तिचे अपयश १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य सरहद्द ओलांडण्यापूर्वीच सिद्ध झालेले होते. सोलापूर, अहमदनगर इत्यादी लगतच्या जिल्ह्यांतील केंद्रांतून स्वातंत्र्यसैनिकांनी करोडगिरीची नाकी जाळली, गावोगावची मुलकी दप्तरे नष्ट केली. लष्करीदृष्ट्या ह्या कृती किरकोळ होत्या. परंतु खेड्यातील रयतेला सत्ता दिसते ती नाक्याच्या व दप्तराच्या रूपानेच. उलट, कासिम रझवीच्या रझाकारांनी केलेल्या अत्याचारांमुळे अनेक कुटुंबे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेली. मारलेले व तुरुंगात टाकलेले लोक मोजले, तर सत्तेचा जोर वाढत होता असे भासेल. परंतु गाव सोडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाबरोबर तिचा शेतसाराही जात होता आणि निष्ठाही. शिवाय ह्या उठावाचे मूळ शस्त्रांत नव्हतेच. बीड जिल्ह्यात ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शोधावे लागते. तेथे स्वामीजी व बाबासाहेब परांजपे ह्यांनी घडविलेली पिढी दडपशाहीच्या कक्षेत येणारी नव्हती.

परंतु हीच मोजपट्टी विजेत्या पक्षालाही लावणे न्याय्य होय. मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी ह्यांच्या नेतृत्वाखालील कारवाई पाच दिवसांत यशस्वी झाली, हे निर्विवाद आहे. मात्र त्यानंतर काय घडले, ह्याचे चित्र पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात आढळते. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात समितीने संस्थानात फिरून चौकशी केली. परंतु तिचा अहवाल सर्वसामान्य अभ्यासकांना २०१३ च्या सुमारासच उपलब्ध झाला. कारवाईच्या काळात व नंतर संस्थानभर २७ ते ४० हजार लोक मृत्युमुखी पडले असावेत, असा तिचा अंदाज आहे. हे बळी बहुतांशी मुसलमान होते. औरंगाबाद, बीड, नळगोंडा व मेदक ह्या चार जिल्ह्यांचा मिळून आकडा तिने किमान ५ हजार दिला आहे. अल्पावधीत केलेला हा अंदाज आहे, हे मान्य केले तरी त्याकडे डोळेझाक करणे इतिहासकाराला शोभणारे नाही. रझाकारांचे अत्याचार ह्या हत्यांचे कारण सांगतात, समर्थन करीत नाहीत. एका भयातून प्रजा मुक्त होत असताना दुसऱ्या भागाला भयाने ग्रासले असेल, तर यश अपूर्ण राहिले असेच म्हणावे लागेल.

तेलंगणाचे उदाहरण ह्याच निष्कर्षाला पुष्टी देते. तेथील कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा १९५१ मध्ये मागे घेण्यात आला. म्हणजे सैनिकी अर्थाने सरकार जिंकले. परंतु १९५२ च्या निवडणुकीत त्याच लढ्यातील रवि नारायण रेड्डी नळगोंड्यातून पंडित नेहरूंहूनही अधिक मतांनी निवडून आले. दरम्यान १९४९ मध्ये जहागिरी नष्ट झाल्या व १९५० मध्ये कुळकायदा आला. लढा शमला तो केवळ बंदुकीने नव्हे. बंडखोरांच्या गाऱ्हाण्याचा काही अंश सत्तेने कायद्यात उतरविला म्हणूनही.

तात्पर्य, अशा युद्धाचे मूल्यमापन करताना तीन प्रश्न विचारले पाहिजेत: गाव सोडून गेलेले परतले काय? उठावाचे मूळ गाऱ्हाणे दूर झाले काय? आणि पराभूत पक्षाच्या सामान्य माणसाला नव्या सत्तेच्या चावडीवर निर्भयपणे फिर्याद नेता आली काय? बीडसारख्या एका जिल्ह्यापुरती तरी ह्या प्रश्नांची उत्तरे तालुकावार शोधली जावीत. तोपर्यंत १७ सप्टेंबरचा विजय हा राज्याचा विजय म्हणून सिद्ध आहे. साऱ्या प्रजेचा विजय म्हणून तो अद्याप सिद्ध करावयाचा आहे.